दहावीच्या मुलीपासून आजोबांचं ऑपरेशन लपवावं का?

मोगरा_कोथरूड (६ फेब्रुवारी)

सल्ला हवा आहे, जरा घाईने.

माझे वडील कराडला असतात, वय ७१. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. दिवाळीपासून जिना चढताना छातीत भरून यायचं, पण अॅसिडिटी म्हणून ओवा चघळत राहिले. गेल्या आठवड्यात अँजिओग्राफी झाली. तीन नलिकांमध्ये अडथळे, शिवाय साखर वाढलेली. बायपास सांगितली आहे. ऑपरेशन पुण्यात करायचं ठरतंय, म्हणजे आधी आणि नंतर आईबाबा आमच्याकडेच. तारीख बहुधा मार्चच्या पहिल्या आठवड्यातली.

आणि २१ फेब्रुवारीपासून लेकीची दहावी.

ती आणि आजोबा म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. रोज रात्री फोनवर ती त्यांना इतिहासाची उत्तरं म्हणून दाखवते आणि ते मध्येच गाडी अडवतात. 'हा फुको कोण? त्याचं आपल्या शाळेच्या पुस्तकात काय काम?' धड्यातल्या या फ्रेंच विचारवंतावरून एकदा जेवणं थांबली होती.

आई म्हणते, शेवटचा पेपर होईपर्यंत पोरीला काही कळू द्यायचं नाही, तपासण्यांसाठी आलेत एवढंच सांगा. नवरा म्हणतो, आजच सांग. मी दोघांनाही 'बघू' म्हणतेय. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया लिहा. सांगावं का, किती सांगावं, कधी?

तिखटमीठमसाला (६ फेब्रुवारी)

सांगा. दोन खोल्यांच्या घरात बायपास लपत नाही.

बंडूनाना (६ फेब्रुवारी)

मी उलट बाजूने लिहितो.

आमची जुनी अकरावी मॅट्रिक, १९७४. बोर्डाच्या परीक्षेला तालुक्याला नातेवाइकांकडे राहायला गेलो होतो. मधल्या रविवारी गावी आजी गेली. मला कोणी कळवलं नाही. शेवटचा पेपर देऊन एसटीतून उतरलो तर स्टँडवर काका उभे, डोकं भादरलेलं. तिथेच समजलं.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मधल्या रविवारी कळलं असतं तर सोमवारी मी बीजगणिताला बसलोच नसतो. त्या काळी नापास झालेला पोरगा सरळ शेतावर जायचा. मॅट्रिकच्या कागदावर पुढची ३६ वर्षं बँकेत काढली. वडिलांनी केलं ते बरोबरच केलं असं मी आजही म्हणतो. मोगराताई, तुमच्या आईंचं ऐका.

वेताळटेकडी (६ फेब्रुवारी)

नाना, तुमच्याबद्दल आदर आहे, पण माझ्या बाबतीत हेच झालं आणि मी आजही माफ केलेलं नाही.

बारावी. आजोबा दवाखान्यात 'चेकअपला' होते. मी रोज विचारायचे, रोज 'बरे आहेत' असं उत्तर यायचं. शेवटचा पेपर देऊन घरी आले तेव्हा ते जाऊन चार दिवस झाले होते. घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, दूधवाल्यालासुद्धा. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर त्या चार दिवसांत आईने माझ्याशी हसून बोलणं. तिने ते कसं केलं असेल हे आज आई झाल्यावर समजतं. पण नंतर कित्येक वर्षं, घरातून 'सगळं ठीक आहे' असा फोन आला की माझ्या पोटात गोळा यायचा.

मुलीला सांगा. ती पंधरा वर्षांची आहे, पाच नाही.

डॉ_खरवस (६ फेब्रुवारी)

मी हृदयशल्यचिकित्सक नाही, फिजिशियन आहे. तरी या रुग्णांना आधी आणि नंतर मीच बघतो, म्हणून लिहितो.

मोगरा, आधी डॉक्टरांना एक विचारा: अडथळा 'लेफ्ट मेन'मध्ये आहे का? डाव्या बाजूच्या मुख्य नलिकेत मोठा अडथळा असेल तर कोणी परीक्षेचं वेळापत्रक बघत नाही, लवकरात लवकर ऑपरेशन उरकतात. ती मोकळी असेल, दुखणं फक्त श्रमानंतर येत असेल आणि बसल्याजागी येत नसेल, तर तारीख थोडी पुढेमागे करायला वाव असतो. पण बसल्याजागी किंवा झोपेत दुखलं, घाम फुटला, तर त्याच रात्री दवाखाना. मुलीचा पेपर असला तरी.

मधुमेह आणि तिन्ही नलिकांचा आजार असेल तर स्टेंटपेक्षा बायपास पुढच्या काळात सरस ठरते. तेव्हा 'नुसते स्टेंट टाकून भागवा' म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून रवाना करा. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या साधारण पाच दिवस आधी थांबवतात. कोणती गोळी कधी थांबवायची ते सर्जनकडून कागदावर लिहून घ्या, स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका.

सर्वसाधारण हिशेब असा: दोन-तीन दिवस आयसीयू, एकूण आठवडाभर दवाखाना. छातीचं मधलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, क्वचित जास्त. तोवर वजन उचलायचं नाही, हाताचा जोर देऊन उठायचं नाही, खोकताना उशी छातीशी धरायची. हे सगळं तुमच्या घरात, मुलीच्या डोळ्यांसमोर होणार आहे. तपासण्यांसाठी आलेल्या माणसाच्या छातीवर वीतभर टाके कसे, याचं उत्तर तयार आहे का आईंकडे?

तिखटमीठमसाला (६ फेब्रुवारी)

डॉक्टरांनी माझंच म्हणणं सहापट शब्दांत लिहिलं आहे. फी कमी करा.

दहावीविनापरीक्षा (७ फेब्रुवारी)

मी २०२१ च्या बॅचचा. आमची परीक्षाच रद्द झाली होती. नववीचे मार्क आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन मिळून निकाल लावला, ९९.९५ टक्के मुलं पास. आजही कोणी मार्क विचारले की पुढचा माणूस गालात हसतो.

त्या एप्रिलमध्ये बाबा ऑक्सिजनवर होते. आई त्यांच्यासोबत, मी आणि लहान बहीण घरी. माझ्यापासून कोणी काही लपवायचा प्रश्नच नव्हता, कारण बेड कुठे आहे ते शोधायला मीच फोन लावत होतो. सांगायचं हे की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जमतं. मला सगळं कळलं म्हणून त्रास झाला नाही, हाताशी काम नसायचं तेव्हा व्हायचा. म्हणून माझं मत असं की तिला नुसतं सांगू नका, काहीतरी कामही द्या. गोळ्यांचा तक्ता करायला द्या.

पुढे अकरावीसाठी सीईटी घेणार म्हणाले, मी तिचा अभ्यास सुरू केला, आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. माझ्याएवढा परीक्षेविना शिकलेला माणूस इथे नसेल.

बंडूनाना (७ फेब्रुवारी)

बाळा, तुझे बाबा आता बरे आहेत ना?

दहावीविनापरीक्षा (७ फेब्रुवारी)

हो नाना, ठणठणीत. रोज माझ्या मार्कांवर विनोद करतात.

सासरमाहेरठाणे (७ फेब्रुवारी)

थोडं कडू बोलते. दहावीचा एवढा बाऊ का? अकरावीच्या प्रवेशानंतर त्या मार्कांना कोण विचारतं? एखाद-दुसरा विषय राहिला तर एटीकेटी आहे, पुरवणी परीक्षा आहे. इथे एका माणसाची छाती उघडणार आहेत आणि आपण भूमितीची काळजी करतोय.

खडूफळा (७ फेब्रुवारी)

सासरमाहेर, असं म्हणणं सोपं आहे. मी २२ वर्षं दहावीला शिकवते. ज्या मुलाने वर्षभर अभ्यास केलाय त्याला 'याला काही किंमत नाही' म्हणणं हाही त्याचा अपमानच. तिच्यासाठी आजोबा मोठे आणि पेपरही मोठा. दोन्ही खरं असू शकतं.

वर्गात मी दरवर्षी बघते. घरात काहीतरी शिजतंय हे मुलांना कळलेलं असतं. कुजबुज, बंद दार, फोन घेऊन गॅलरीत जाणं. मग ती स्वतःच्या मनाने गोष्ट रचतात. एका मुलीला वाटत होतं की आईबाबा घटस्फोट घेतायत. प्रत्यक्षात आईची गर्भपिशवी काढायची होती.

मोगराताई, दोन व्यवहाराच्या गोष्टी. वर्गशिक्षिकेच्या कानावर घालून ठेवा. तोंडी किंवा प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी काही अडचण आली तर ती नंतर देता येण्याची सोय असते, पण त्यासाठी शाळेला वेळेत कळायला हवं. आणि ११ च्या पेपरला साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं. सकाळच्या त्या वेळेत तिला नेणारं एक माणूस आजच ठरवा, ज्याचा दवाखान्याशी काही संबंध नसेल. बाप आयसीयूच्या दारातून निघून सिंहगड रोडच्या गर्दीतून मुलीला आणायला जाणार, असलं नियोजन करू नका.

रॅरिटनकाठी (८ फेब्रुवारी)

न्यू जर्सीहून. दहावीचं राहू द्या, मी ४४ वर्षांचा आहे आणि मलाही अजून कोणी काही सांगत नाही. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन मला तीन महिन्यांनी कळलं, तेही भाच्याच्या वाढदिवसाच्या फोटोत ते उभे का नाहीत असं विचारल्यावर. आईचं उत्तर: 'तू तिकडे एकटा, उगाच तुला घोर कशाला.' मी एकटा नाही. बायको आहे, दोन मुलं आहेत, कर्ज आहे.

परदेशातल्या माणसाला घरचे कायम दहावीतच ठेवतात. फोनवर आईचा आवाज जरा जास्तच उत्साही वाटला की मी आता थेट शेजारच्या काकूंना फोन लावतो. काकू माझ्या खात्यात आहेत.

चकलीचा_सोऱ्या (८ फेब्रुवारी)

आमच्याकडे लपवायचं ठरलं होतं. मग मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलावर 'लवकर बरे व्हा भाऊजी' असं टाकलं. संपला विषय.

मोगरा_कोथरूड (८ फेब्रुवारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, विचारलं. लेफ्ट मेन मोकळी आहे, पुढच्या मोठ्या नलिकेत सुरुवातीलाच ९० टक्के अडथळा आहे. मी चाचरत विचारलं की १७ मार्चला शेवटचा पेपर आहे, त्यानंतर चालेल का. सर्जन सरळ नाही म्हणाले. साखर जरा उतरवू, ६ मार्चला करू. म्हणजे गणिताच्या दोन पेपरांच्या मधला दिवस. यापेक्षा वाईट दिवस शोधूनही सापडला नसता.

वेताळटेकडी, तुमचं वाचून रडले. नाना, तुमचं वाचून आईला दाखवलं, ती म्हणाली, 'बघ, शहाणा माणूस आहे.'

पैशांचं कोणी सांगेल का? बाबांचा वेगळा विमा नाही. पेन्शन ईपीएस-९५ चं, म्हणजे पीएफवालं, त्यात औषधंसुद्धा निघत नाहीत.

फाईलवाला (८ फेब्रुवारी)

वय ७० च्या पुढे ना? मग आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधारवरून निघतं. पण योजनेच्या यादीतल्याच रुग्णालयात चालतं, म्हणून रुग्णालय ठरवण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) भेटा. 'आम्ही करतो हो' असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं तरी बायपास त्यांच्या मंजूर उपचारांत आहे का ते विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचीही चौकशी तिथेच होईल.

आधारवरची जन्मतारीख बघून ठेवा. आमच्या वडिलांची १ जून आहे. हेडमास्तरांनी अख्ख्या वर्गाची तीच घातली होती.

मोगरा_कोथरूड (८ फेब्रुवारी)

बाबांचीही १ जूनच! ते अभिमानाने सांगतात की एसटीचा आणि त्यांचा वाढदिवस एक.

कृष्णाकाठचा (८ फेब्रुवारी)

खरंच की. १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर, एसटीची पहिली गाडी. आमच्या घरी तर वडील, चुलते अन आत्या तिघं १ जूनचे. केक एकच आणतो.

मोगराताई, कराड स्टँडवरचे जुने कंट्रोलर म्हणजे आमच्या भागात मोठं नाव. माइकवरून नुसता आवाज आला तरी पोरं फलाटावरून मागं सरायची. रक्त लागलं तर सांगा, पुण्यात आमची बरीच पोरं आहेत.

डॉ_खरवस (९ फेब्रुवारी)

कृष्णाकाठचा, उत्तम. फक्त सगळ्यांना एकाच दिवशी रांगेत उभं करू नका. पुरुषांनी तीन महिन्यांच्या आणि बायकांनी चार महिन्यांच्या अंतराने रक्तदान करायचं असतं, हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. आणि 'आमचंच रक्त आमच्या पेशंटला' असा हट्ट नको, रक्तपेढीत ते बदली म्हणूनच जमा होतं.

सासरमाहेरठाणे (९ फेब्रुवारी)

पथ्याचं विचारून घेते, माझ्या सासऱ्यांनाही लागेल. मीठ कमी म्हणजे सैंधव चालतं ना?

डॉ_खरवस (९ फेब्रुवारी)

नाही. सैंधव हेही सोडियमच. गुलाबी रंगाने रक्तदाब फसत नाही. बाजारात 'कमी सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर तेही विचारल्याशिवाय नको.

तिखटमीठमसाला (९ फेब्रुवारी)

या धाग्यावर माझ्या नावावरच संक्रांत आली आहे.

चकलीचा_सोऱ्या (९ फेब्रुवारी)

लोणचं? पापड? निदान उपासाची मिरची?

डॉ_खरवस (९ फेब्रुवारी)

मी रजेवर आहे.

मोगरा_कोथरूड (१७ फेब्रुवारी)

सांगितलं. म्हणजे मी नाही सांगितलं.

आईबाबा शनिवारी आले. मी रविवार ठरवला होता, वाक्यंही ठरवली होती. संध्याकाळी बाबांनीच तिला बोलावून घेतलं, तिच्या वहीच्या मागच्या पानावर हृदय काढलं (बटाट्यासारखं आलं, पण असो) आणि डेपोच्या भाषेत समजावलं: मुख्य रस्ता बंद आहे, म्हणून पायातली शीर काढून वळणरस्ता करणार. आई स्वयंपाकघरातून डोळे वटारत होती, त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. नंतर मला म्हणाले, 'आजार माझा आहे, सांगायचं का नाही ते तुम्ही कोण ठरवणार?'

यावर आमच्या कोणाकडेच उत्तर नव्हतं. इतक्या दिवसांत आपणही कोणी हे विचारलं नाही.

लेकीने पहिला प्रश्न विचारला: मरायची शक्यता किती? मी आवंढा गिळला. बाबांनी डॉक्टरांकडून विचारून ठेवलेलं सांगितलं, शंभरातले एक-दोन जातात, माझं वय आणि साखर बघता थोडं जास्त धर. ती म्हणाली, म्हणजे गणितात नापास होण्यापेक्षा कमी. आणि मग रडली. मग चिडली, कारण सातवीतल्या मामेभावाला तिच्या आधी माहीत होतं. तो राग अजून आहे.

आता गंमत बघा. तिने अट घातली आहे की शाळेत, क्लासला, मैत्रिणींना कोणालाही सांगायचं नाही. 'सगळ्या माझ्याकडे बिच्चारी म्हणून बघतील.' वर्गशिक्षिकेला मी आधीच सांगितलं होतं, त्यावरूनही भांडण झालं. फक्त एका मैत्रिणीला तिने स्वतः सांगितलं. त्या मैत्रिणीची आई पेपरांना दोघींना घेऊन जाणार आहे. खडूफळा, तुमचा मुद्दा तसा सुटला.

वेताळटेकडी (१७ फेब्रुवारी)

बाबांना दंडवत.

आणि मुलीचं ऐका. तिचं ती कोणाला सांगेल हेही तिलाच ठरवू दे.

बंडूनाना (१७ फेब्रुवारी)

माझं मत बदललेलं नाही. पण तुमच्या वडिलांपुढे मी काही बोलू शकत नाही, ते माझ्याच वयाच्या आसपासचे आहेत आणि माझ्याहून धीट निघाले.

खडूफळा (२१ फेब्रुवारी)

आज मराठीचा पेपर. धाग्यावरच्या सगळ्या परीक्षार्थींना शुभेच्छा. पालकांनी केंद्राबाहेर उभं राहून 'दुसऱ्या प्रश्नाचं काय लिहिलंस' हे विचारू नये, ही कळकळीची विनंती.

मोगरा_कोथरूड (६ मार्च, रात्री)

ऑपरेशन झालं. साडेपाच तास. व्हेंटिलेटर उद्या सकाळी काढतील म्हणाले. माझी कॉलेजची मैत्रीण नाशिकहून येऊन काल रात्रीपासून दवाखान्यातच आहे. तिने मला ढकलून घरी पाठवलं. लेक भूमिती करतेय. मी आल्यावर फक्त 'झालं?' विचारलं, मी 'झालं' म्हटलं, तिने कंपास पुन्हा उचलला.

कृष्णाकाठचा (७ मार्च)

चांगलं झालं ताई. आमची चार पोरं रक्त द्यायला गेली होती, त्यातल्या दोघांना हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. त्यांना आता घरी बीट खायला घालताहेत.

मोगरा_कोथरूड (९ मार्च)

पुन्हा सल्ला हवा, आणि या वेळी खरंच कळत नाहीये.

काल रात्रीपासून बाबा भ्रमात आहेत. नळ्या ओढतात. सिस्टरला कंडक्टर समजून 'स्वारगेट गाडी का थांबवली' विचारतात. रात्री दोनला आख्ख्या आयसीयूत घोषणा: 'कराड-स्वारगेट गाडी फलाट क्रमांक पाचवर येत आहे.' शेजारच्या बेडवरचे आजोबा उठून बसले म्हणे. आता लिहिताना हसू येतंय, काल माझे हातपाय गळाले होते. मला त्यांनी ओळखलं नाही.

उद्या लेकीचा विज्ञानाचा पहिला पेपर. ती रोज विचारते, 'काही बोलले का?' आम्ही तिला शब्द दिलाय की काही लपवणार नाही. हे सांगू?

डॉ_खरवस (९ मार्च)

घाबरू नका. मोठ्या ऑपरेशननंतर उतारवयातल्या रुग्णांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं, बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. वेड लागलेलं नाही. रात्री वाढतं, सकाळी कमी होतं. मात्र सोडियम, साखर, ऑक्सिजन, लघवीतला संसर्ग आणि वेदनेची औषधं हे तपासलं का, ते तिथल्या डॉक्टरांना नक्की विचारा. एका बाजूचा हातपाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं असं काही असेल तर ते वेगळं, लगेच सांगायचं.

बाबा चष्मा लावतात का? कानाला यंत्र आहे का? आयसीयूत दोन्ही काढून पिशवीत ठेवतात आणि विसरतात. माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस की रात्र समजत नाही, मग तो त्याच्या ओळखीच्या जागी जातो. तुमचे बाबा स्टँडवर गेले. घड्याळ दिसेल असं ठेवायला सांगा, घरच्या माणसाने शांतपणे तारीख-वार सांगत बोलावं. वाद घालू नका.

बंडूनाना (९ मार्च)

आता मात्र गप्प बसा. हात जोडतो. एक रात्र.

वेताळटेकडी (९ मार्च)

मी काय लिहिणार याचा नानांना अंदाज असेल, पण आज मीही अडखळले. तिने विचारलं तर खोटं बोलू नका. नाही विचारलं तर पेपर होऊ द्या. दुपारी दोन वाजता सांगा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

दहावीविनापरीक्षा (९ मार्च)

मी तिच्या जागी असतो तर घोषणेचा भाग ऐकायला आवडला असता. बाकीचं नंतर.

तिखटमीठमसाला (९ मार्च)

वरच्याला अनुमोदन. 'आजोबा आयसीयूतून गाड्या सोडतायत' हे शंभर टक्के खरं वाक्य आहे.

मोगरा_कोथरूड (१० मार्च)

कानाचं यंत्र कपाटात होतं!! चष्मा होता, यंत्र नव्हतं. मैत्रिणीने काल सातला लावलं. रात्री दोनदाच गाड्या सुटल्या. सकाळी आईला ओळखलं आणि पहिली तक्रार चहाबद्दल केली.

लेकीला काल रात्री तिने विचारल्यावर तिखटमीठच्याच शब्दांत सांगितलं. ती खूप हसली, मग बारीक आवाजात म्हणाली, 'म्हणजे भ्रम झालाय ना? मी वाचलंय, होतं असं.' तिने ऑपरेशननंतर काय काय होऊ शकतं ते सगळं फेब्रुवारीतच शोधून वाचून ठेवलं होतं. पेपर बरा गेला म्हणते. एक आकृती राहिली.

खडूफळा (१० मार्च)

एका आकृतीने काही होत नाही. जेवली का ते बघा.

मोगरा_कोथरूड (१८ मार्च)

बाबा धुळवडीला घरी आले. काल शेवटचा पेपर झाला. इतिहासाच्या आदल्या दिवशी त्यांनी तिचं पहिलं प्रकरण ऐकून घेतलं, पण मध्येच झोप लागली, आणि तिने आवाज न करता पुढचं मनातल्या मनात वाचलं. फुकोवर या वेळी आक्षेप नव्हता. आई अजून म्हणते की सांगायला नको होतं, पोरगी बारीक झाली. नवरा म्हणतो, सगळेच बारीक झालोय.

डॉक्टर, ज्या पायातली शीर काढली त्या घोट्याला सूज आहे. ताप नाही, लाली नाही. काळजीचं आहे का?

डॉ_खरवस (१८ मार्च)

त्या पायाला काही आठवडे सूज राहू शकते. बसताना पाय उंच ठेवा, दिलेले मोजे दिवसा घाला, थोडं थोडं चालवा. पोटरी दुखून कडक झाली, दम लागला, किंवा टाक्यांतून पाणी आलं तर थांबू नका. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन लिहा. दोन-तीन दिवसांत एकदम दीड-दोन किलो वाढलं तर फोन करा.

बंडूनाना (१८ मार्च)

वजनाची वही नातीकडे द्या. सुट्टी आहे तिला.

पिंपळपार_अमरावती (२ एप्रिल)

धागा आज वाचला. माझ्या पत्नीची थायरॉईडची गाठ काढायची आहे, तारीख जूनमध्ये. मोठा बारावीची पुरवणी देणार आहे, तीही त्याच सुमारास असेल. वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

तिखटमीठमसाला (२ एप्रिल)

इथेच विचारा. पण आधी वहिनींना विचारा, मुलाला कोण सांगणार ते.